हेगचा शांतता महाल: फिरणाऱ्या मजकुरात खरं किती?

‘हेगचा शांतता महाल संयुक्त राष्ट्रांनी बांधला. तिथूनच पुतिनवर वॉरंट निघालं, तिथेच कुलभूषण जाधवांची फाशी रद्द झाली. पण या महालानं आजवर एकही भांडण मिटवलेलं नाही.’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी इमारत. फ्रेंचमध्ये ‘पॅले द ला पे’ म्हणतात ती नेदरलँड्समधली ही वास्तू २८ ऑगस्ट १९१३ रोजी खुली झाली. संयुक्त राष्ट्रं १९४५ची. पैसे अमेरिकी पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगींचे, १५ लाख डॉलर. आराखडा फ्रेंच वास्तुरचनाकार लुई कॉर्दोनिए यांचा. मालकी आजही कार्नेगी प्रतिष्ठानाकडे आहे.

वॉरंटचं म्हणाल, तर मार्च २०२३ मध्ये ते काढलं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं. तेही हेगमध्येच आहे, पण त्याची इमारत वेगळी. तिथे व्यक्तींवर खटले चालतात. महालातलं आंतरराष्ट्रीय न्यायालय फक्त देशादेशांतले वाद ऐकतं, कुणालाही तुरुंगात धाडत नाही.

हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्ताननं फाशी सुनावलेल्या जाधवांबद्दलची चूक मात्र जिव्हारी लागते, कारण ती वाचून लोकांना वाटतं की प्रश्न सुटला. १७ जुलै २०१९चा निकाल नीट वाचावा. पाकिस्ताननं वकिलातींच्या संबंधांविषयीच्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६चा भंग केला, जाधवांना त्यांचे हक्क सांगितले नाहीत, भारतीय अधिकाऱ्यांना भेटू दिलं नाही, असं न्यायालयानं १५ विरुद्ध १ मतांनी ठरवलं. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, असा आदेश दिला. पण शिक्षा रद्द करून सुटका करावी ही भारताची मागणी याच निकालात फेटाळली गेली. भारताचे वकील हरीश साळवे एक रुपया मानधनावर लढले आणि जे मिळवलं ते मोठंच आहे. पण फाशी थांबणं वेगळं, रद्द होणं वेगळं. माणूस अजून सुटलेला नसताना ‘जिंकलो’ म्हणून विषय मिटवणं त्याच्या घरच्यांवर अन्याय आहे.

राहिलं ‘एकही भांडण मिटवलं नाही’. महाल उघडल्यावर वर्षभरात पहिलं महायुद्ध पेटलं, हे खरंच आहे. न्यायालयाकडे स्वतःचं सैन्य नाही, हेही खरं. पण औझू पट्ट्याचं काय? आफ्रिकेतल्या चाड देशाच्या उत्तरेचा हा वाळवंटी भाग लिबियानं १९७३ पासून बळकावला होता आणि त्यापायी दोन्ही देश रणांगणात उतरले होते. १९९० मध्ये वाद महालात आला. चाड फ्रेंच वसाहत असताना फ्रान्स आणि लिबिया यांच्यात झालेल्या १९५५च्या कराराच्या आधारे ३ फेब्रुवारी १९९४ रोजी निकाल लागला: पट्टा चाडचा. गद्दाफींच्या लिबियानं तो मानला आणि मे महिन्याअखेर संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांसमक्ष आपलं सैन्य तिथून काढून घेतलं.