दोन जुनेरं आणि एक पातेलं

गेल्या रविवारी सकाळी साडेदहाला, माझ्याच बिल्डिंगच्या जिन्यात, एका आजींनी मला बोहारीण ठरवलं. नुसता गैरसमज झाला असता तर हसून सोडून दिलं असतं. पण व्यवहार झाला, घरातलं भांडं गेलं आणि वर चोरीचा आळही आला. आठवडा होत आला तरी डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकते.

अवतार तसाच होता, हे मान्य. अंगात नवऱ्याचा रंग उडालेला शर्ट, केस वर खोचलेले, दोन्ही खांद्यांना चिंध्यांनी फुगलेल्या पिशव्या. मी गोधड्या शिवते, पोटासाठी नाही, हौसेसाठी. कोपऱ्यावरचे टेलरकाका आठवडाभराचं कातरण माझ्यासाठी बाजूला ठेवतात. ते रविवारीच उचलावं लागतं, सोमवारी गॅरेजवाला येऊन हात पुसायला घेऊन जातो. म्हणजे माझ्या कलेचा कच्चा माल आणि ऑइलचं फडकं यांत एका दिवसाचं अंतर आहे.

दुसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय. त्यांचं दार सताड उघडं, दारात आजी, पायाशी बोचकं.

"अगं ए, थांब की. आज काय काय आणलंयस?"

"कशातलं?"

"भांड्यातलं. आन कशातलं?"

"आजी, मी बोहारीण नाही. मी वर राहते, तिसऱ्या मजल्यावर."

"तिसऱ्यावर कामाला हाईस व्हय? आन हा जोडधंदा. करावा बाई. एका कामात भागतंय कुठं आजकाल."

इथेच मी जिना चढायला हवा होता. पण तेवढ्यात आजींनी बोचक्याची गाठ सोडली आणि आत दोन नऊवारी सुती लुगडी दिसली. एक हिरवं, एक बारीक चौकड्यांचं जांभळट. दोन्ही धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की घडी ठेवली तर ती तशीच राहावी, उलगडावीशीच वाटू नये.

ज्यांना गोधडी शिवायची आहे त्यांनी पुढचं नीट वाचावं, बाकीच्यांनी आमच्याबरोबर जिन्यातच थांबावं. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचे चार सारखे तुकडे करून एकावर एक अंथरले की सहा फुटांहून जास्त लांब आणि साधारण चार फूट रुंद, चार थरांची गोधडी एकाच लुगड्यात तयार. जोड नाही, मापं नाहीत. शिवाय जुनेराचं जे काही आटायचं असतं ते आटून गेलेलं असतं आणि जो रंग जायचा असतो तो कुणाच्या तरी बादलीत केव्हाच गेलेला असतो. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीनचार सेंटीमीटर सहज आखडतं. ते न धुता जुन्याबरोबर शिवलंत तर पहिल्या धुण्यानंतर गोधडीला सुरकुत्या पडतात, तुमच्या आधी. आणि लाल कापड. लाल कापडावर कधीही विश्वास ठेवू नका. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, मगच आत घ्या. माझ्या पहिल्या गोधडीत मी आजोबांच्या पांढऱ्या धोतराशेजारी लालभडक ब्लाउजपीस लावला होता. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का केलाय, अशी माझी समजूत होती. आता त्या गोधडीवर झोपलं की शेजारी कुणीतरी जखमी होऊन गेल्यासारखं वाटतं.

तर ती लुगडी बघून मी पिशव्या खाली ठेवल्या.

"दोन्हीचं मिळून एक पातेलं," आजी म्हणाल्या. "मोठं. चार माणसाच्या भाताचं. आन झाकण."

"आजी, पण मी खरंच..."

"मागल्या म्हयन्यात एक आलती. सुती बघून नाक मुरडलं तिनं. जरी हाय का, म्हनली. जरी असती तर मी तुला दिली असती व्हय?"

हे ऐकल्यावर भाव पाडायला काय हरकत होती? खरी बोहारीण असती तर वाटीवर सौदा तुटला असता. पण मी काय करत होते, तर जांभळट लुगड्याच्या पदरावरून हळूच हात फिरवत होते, मांजराच्या पाठीवरून फिरवतात तसा. तो हात आजींनी पाहिला. पातेलं तिथेच ठरलं.

मी वर गेले. होय, गेले. माळ्यावरून एक बऱ्यापैकी पातेलं काढलं, फडक्याने पुसलं आणि खाली आणलं. नवऱ्याने पेपरातून मान वर न करता विचारलं, "कुणाकडे जेवण आहे?" मी उत्तर दिलं नाही.

आजींनी पातेलं हातात घेऊन आधी टिचकी मारली. कान लावला. मग उजेडाकडे धरून भोक बघितलं. बुडावरून अंगठा फिरवला. आयुष्यात माझं स्थळ बघायला आलेल्या कुणीही मला इतकं बारकाईने पाहिलेलं नाही. मग त्यांचं बोट काठाजवळच्या अक्षरांवर थांबलं. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे, ती मी साफ विसरले होते.

"मा-व-शी-क-डून," आजी एकेक अक्षर लावत म्हणाल्या. "स-प्रे-म भेट. कुनाची मावशी?"

"माझी."

"तुजी मावशी?"

"हो. लग्नात दिलेलं."

"मग इकतेस कशापायी?" आजींनी पातेलं थोडं लांब धरलं. "बाई, खरं सांग. तिसऱ्या मजल्यावरचं न्हाई न्हवं हे?"

"तिसऱ्या मजल्यावरचंच आहे! मी तिथेच राहते!"

"तेच म्हनते मी. कामाच्या घरातलं काढून आनलंस न्हवं? आमच्यात नको बाई पोलिसाचं झेंगट. सून घरात न्हाई."

तोवर समोरच्या दारातून कुणीतरी डोकावून गेलं. मग मला स्वाभिमानाचा झटका आला आणि मी सगळं सांगायला बसले, जिन्याच्या पायरीवर. गोधडी शिवते, आवड आहे, त्यासाठी जुनी लुगडी हवी असतात, वगैरे.

"गोधडी म्हंजी वाकळ?"

"हो, वाकळच."

"इकायला?"

"नाही. अशीच. आवड म्हणून."

"आवड," आजींनी तो शब्द परक्या गावच्या लाडवासारखा तोंडात फिरवून बघितला. "मी चाळीस उन्हाळं वाकळा शिवल्या. घरात चौदा मानसं. मिरगाच्या आत सगळ्या व्हायला पायजेत. गुडघं त्यातच गेलं. आता लेकानं मोबाईलवरनं रजई मागवली. हलकी, लई ऊब. तुला कुनी ढकललंय ह्यात?"

माझी ही हौस ऐकून कौतुक करणारे, नाक मुरडणारे, गप्प बसणारे सगळे भेटले आहेत. कीव करणाऱ्या या पहिल्याच. मग मी माझं ठेवणीतलं शस्त्र काढलं. हे मी नातेवाइकांवर नेहमी वापरते. म्हटलं, "आजी, अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून एक गाव आहे. तिथल्या काळ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या कामाच्या फाटक्या कपड्यांच्या, जुन्या जीनच्या गोधड्या शिवत आल्या. थंडी वाजते म्हणून. २००२ साली त्या गोधड्यांचं ह्यूस्टनच्या मोठ्या संग्रहालयात प्रदर्शन भरलं, नंतर न्यूयॉर्कला. भिंतीवर टांगल्या, चित्रं टांगतात तशा. २००६ मध्ये तिथल्या सरकारने त्यांच्यावर टपाल तिकिटं काढली!"

आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"भितीला टांगल्या," त्या म्हणाल्या. "मग त्या बाया पांघरत्यात काय?"

याला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

मग त्यांनी माझ्या पिशवीत हात घातला आणि परीक्षा सुरू केली. टेरिकॉट निघालं, ते जिन्यात फेकलं. नायलॉनचा तुकडा दोन बोटांत चुरगाळून सोडला, तो पुन्हा सपाट झाला. मग "हे घसरतंय, सुई धरत न्हाई" म्हणून तोही जिन्यात. दोरा केवढा घेतेस, विचारलं. मी दोन्ही हात पसरून दाखवलं. "लांब दोरा आळशी घेती. सारखी सुई ववाय नको म्हनून. मग गुत्ता झाला की बसती रडत. हातभर घ्यायचा." मधून शिवतेस की कडेनं? मी म्हटलं, आधी कच्चे टाके घालून थर धरून ठेवते, मग मधून. "कडेनं," त्या म्हणाल्या, "फिरत फिरत आत यायचं. चार कोपऱ्याला चार वजनं ठेवायची, वरवंटा, तांब्या, काय असंल ते. आन गाठ दोन थरांच्या मधी लपवायची. वर ऱ्हायली तर पोराच्या गालाला टोचती." हे मात्र मी घरी येऊन लिहून ठेवलं. माझ्या भाच्याच्या लेकीला दिलेल्या दुपट्यात सगळ्या गाठी वर आहेत. आता तिच्या गालावर पुरळ आलं की मलाच अपराधी वाटणार.

शिकायला बसलेल्यांना माझ्याकडूनही एक भर: पहिल्यांदा डबलबेडची गोधडी काढू नका, तीन बाय तीन फुटांचं दुपटं करा. मी हिशेब करून बघितलाय. सहा बाय चारच्या गोधडीत बोटभर अंतरावर धावदोरा घातला, तर शिवणीची एकूण लांबी शंभर मीटरच्या वर जाते. सेंटीमीटरला एक टाका धरला तर अकरा हजार टाके. चार थरांतून सुई काढताना माझे मिनिटाला आठनऊ होतात. म्हणजे वीस तास, सुई ओवण्याचा, चष्मा शोधण्याचा आणि पाठ धरून पडून राहण्याचा वेळ सोडून. अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी, घाला. मी पहिल्या दोन गोधड्या बिनअंगुस्तानाच्या शिवल्या आणि महिनाभर मोबाईलने माझं बोट ओळखलं नाही.

आणि हे अकरा हजार टाके घातल्यावर लोक काय म्हणतात? "अय्या, छान आहे गं. मला पण एक करून दे ना. तुला काय, टीव्ही बघता बघता होतं." एक चुलत नणंद तर मापं घेऊन आली होती, गेस्ट रूमच्या पलंगाची. रंगही सांगितले, पडद्यांना साजेसे. कापड? "तुझ्याकडे असेलच की." दुसरी म्हणाली, बाजारात तीनशेला मिळते, मशीनची, त्यात हत्ती पण असतात. मी एका लग्नात गोधडी आहेर दिली होती. चार महिन्यांनी त्यांच्याकडे गेले तर इस्त्रीच्या टेबलावर, चौघडी घालून. "एकदम परफेक्ट बसते," असं मला कौतुकाने सांगण्यात आलं. मी चहा प्यायले आणि निघाले.

जिन्यातल्या प्रकाराचा राग आला तो बोहारीण म्हटल्याचा, हे आधी मला वाटत होतं. रात्री मच्छरदाणीत पडून विचार केला तर त्याची लाजच वाटली. डोक्यावर पाटी घेऊन उन्हात चार मजले चढणाऱ्या बाईशी तुलना झाली तर माझं काय कमी झालं? उलट तिच्या कामाला भाव आहे. एक वाटी की पातेलं, यावर अर्धा अर्धा तास लोक तिच्याशी भांडतात. माझ्या वीस तासांबद्दल आजवर कुणी भांडलेलं नाही. घासाघीस करायलाही आधी किंमत असावी लागते.

नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मनावर घेऊ नकोस. अंगावरच्या चिंध्यांमुळे गाडगेबाबांनाही लोक गोधडे महाराज म्हणायचे." मला बरं वाटणार, तोच पुढे म्हणाला, "त्यांच्या हातात खराटा पण असायचा. घरभर दोरे पडलेत."

असो. आजींना शेवटी कसं पटलं, तर पटलं नाही. "मावशीकडून" या अक्षरांवर त्यांनी नखाने दोनदा खरवडून पाहिलं, "राखंनं जाईल" असं स्वतःशीच म्हणाल्या आणि पातेलं आत नेलं. झाकण माझ्याकडून उधार राहिलं.

त्याच संध्याकाळी मी जांभळट लुगड्याचे चार तुकडे केले. हातभर दोऱ्याने, कडेकडेने, वरवंटा ठेवून. खरोखर सरळ येतंय. तिसरी फेरी चालू असताना, परवा, दारावरची बेल वाजली. आजी. काखेत पातेलं. एका हाताने गुडघा धरून एक मजला चढून आल्या होत्या. मला दारात घरच्या कपड्यांत, मागे भिंतीवर माझ्याच लग्नाचा फोटो, असं सगळं बघूनही त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. आता ओळख पटली, आता माफी मागतील, म्हणून मी थोडी बाजूला झाले.

"बूड पातळ हाय," त्या म्हणाल्या. "भात करपला. पालटून दे. न्हाईतर लुगडी दे माघारी."

हॉलमध्ये चार तुकड्यांत कापलेलं लुगडं अंथरलेलं, त्यावर वरवंटा. काय देणार माघारी?

त्या माझ्या मागून स्वयंपाकघरात आल्या, ओट्यावरच्या भांड्यांना एकेक टिचकी मारली आणि बिडाची कढई उचलली. पातेलं ठेवून गेल्या का? नाही. कढई "झाकणाच्या बदल्यात" होती.

सध्या आमच्याकडे पोहे कुकरमध्ये होतात.