मेनू वापरला म्हणून अ‍ॅडमिन कच्चा ठरत नाही

सांगली-मिरजेकडच्या नेटवर्किंगवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: 'सर्व्हरवर मेनूवाली टूल्स वापरतो तो अ‍ॅडमिन नव्हे, नुसता ऑपरेटर. मेनू आतलं लपवतो, वेळ खातो, ऑटोमेशन होऊ देत नाही, हॅकरला दार उघडून देतो आणि मुलाखतीत तोंडघशी पाडतो.' नव्यानं कामाला लागलेली पोरं हे वाचून एनएमटीयूआय (लांब कमांड टाइप न करता पडद्यावरच्या यादीतून निवडून लिनक्सचं नेटवर्क सेट करायचं टूल) उघडायलाही बिचकतात. चुकीच्या गोष्टीची ही लाज त्यांच्या डोक्यातून जावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतोय.

'मेनू आतलं लपवतो' हा आरोप आयबीएमच्या एआयएक्स या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम केलेल्या कुणालाही पटणार नाही. १९९० पासून तिथं स्मिट हे मेनूवालं टूल आहे. फॉर्म भरायचा आणि एंटरच्या आधी एफ-६ दाबायचं. चालणारी कमांड सगळ्या पर्यायांसकट समोर येते. काय केलं याची नोंद स्मिट-डॉट-लॉगमध्ये राहते, चाललेल्या कमांड स्मिट-डॉट-स्क्रिप्टमध्ये जमा होतात. हाताने टाइप करणाऱ्यांपैकी किती जण इतकी नोंद ठेवतात? रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरचं सेटिंगचं मेनू-टूल रास्पी-कॉन्फिग तर साधी शेल स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लिहिलेली फाइल, आहे, उघडून वाचता येते. काही टूल्स आतलं दाखवत नाहीत, हे खरं. तो त्या टूलचा दोष धरा, सगळ्या मेनूंचा नको.

वेळेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. रोज तीच कमांड मारणाऱ्याचा हात मेनूपेक्षा वेगानं चालतो, मान्य. पण आपल्याकडच्या पतसंस्थेत, अडत दुकानात सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) चार-पाच वर्षांत एखाद्या वेळी बदलतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा हळदीच्या एका अडत दुकानाचा सर्व्हर कुपवाडला हलवला होता. तिथला राउटर वेगळा, नेटवर्क वेगळं. मी इस्लामपुरात, सांगलीचा रस्ता बंद. मशिनसमोर दुकानाचे दिवाणजी, हिशेबात पक्के, पण लिनक्सला कधी हात न लावलेले. फोनची रेंज येऊन-जाऊन. अशा वेळी फोनवरून लांबलचक कमांड सांगून बघा. डॅश एक की दोन, स्पेस कुठं, स्लॅश कुठल्या बाजूला झुकलेला, यातच बॅटरी संपते. एनएमटीयूआयमध्ये मात्र 'दिवाणजी, पहिल्याच ओळीवर एंटर मारा. आता पत्ता दिसतोय तो वाचून दाखवा' एवढं पुरलं. पत्ता आणि गेटवे (राउटरचा पत्ता) बदलला, खाली जाऊन ओके केलं, मग दुसऱ्या ओळीतून कनेक्शन बंद करून पुन्हा चालू केलं. हे शेवटचं विसरलं तर बदल फाइलमध्ये जातो, पण लागू होत नाही. समोर काय काय निवडता येतं ते पडद्यावर दिसत असल्यामुळं दिवाणजी न घाबरता चालत राहिले.

चुकांचंही तसंच. हाताने टाइप करताना एक अक्षर चुकलं तरी महागात पडतं. क्रॉनटॅब म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी. क्रॉनटॅबला डॅश-ई दिलं की यादी संपादनाला उघडते, डॅश-आर दिलं की सगळी यादी न विचारता पुसली जाते. कीबोर्डवर ई आणि आर शेजारी-शेजारी आहेत. रात्रीचा बॅकअप ज्या ओळीवर चालतो ती अशी जाऊ शकते, आणि कळतं तेव्हा बॅकअप हवा असतो.

ऑटोमेशनबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. पन्नास मशिनं असतील तर सगळ्यांवर एकदम काम करणारं अ‍ॅन्सिबल शिकाच, तिथं मेनूचा हट्ट धरू नका. पण मेनू आणि ऑटोमेशनचं वैर नाही. स्मिट-डॉट-स्क्रिप्टमधल्या कमांड पुढच्या मशिनवर चालवता येतात, रास्पी-कॉन्फिग 'नॉनइंट' लावून मेनूशिवाय चालतं, सुसे लिनक्सच्या यास्ट या मेनू-टूलला आपोआप इन्स्टॉल करणारं ऑटोयास्ट होतं.

सुरक्षेच्या मुद्द्यावर वेबमिनचं, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायच्या टूलचं, उदाहरण देतात. २०१९ मध्ये त्याच्या १.८९० ते १.९२० आवृत्त्यांत कुणीतरी घुसवलेला चोरदरवाजा सापडला, हे खरं आहे. पण २०२४ मध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्येही चोरदरवाजा सापडला, आणि त्याचा रोख थेट एसएसएचवर, म्हणजे दुरून सर्व्हरवर कमांड चालवायच्या सोयीवर, होता. म्हणून कुणी एसएसएच सोडलं नाही, आवृत्ती बदलली. वेबमिनचं १०००० नंबरचं पोर्ट (बाहेरून जोडायचं दार) इंटरनेटवर उघडं ठेवू नका, हा सल्ला योग्य. एनएमटीयूआय किंवा विंडोज सर्व्हरचं मेनूवालं एसकॉन्फिग तर स्वतःचं कुठलंच पोर्ट उघडत नाहीत.

राहिली नोकरी. कमांड यायलाच हव्यात, त्यावर वाद नाही. पण रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या आरएचसीएसए या अ‍ॅडमिनसाठीच्या परीक्षेत प्रत्यक्ष मशिनवर काम करावं लागतं, आणि केलेली सेटिंग रीबूटनंतर टिकली पाहिजे अशी अट असते. 'आयपी अ‍ॅड्रेस अ‍ॅड' ही कमांड रुबाबात मारून दिलेला पत्ता रीबूट होताच जातो. एनएमटीयूआयमधून दिलेला पत्ता फाइलमध्ये लिहिला जातो आणि मशिन पुन्हा उठल्यावर जागेवर असतो.