प्रेताला हात लावल्याशिवाय बोलू नये? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात अंत्यविधी व्यवसायाला परवाने देणाऱ्या मंडळावर कोण बसतं आणि ते कायद्याने कसं ठरतं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. अशा मंडळांवर धंद्याबाहेरच्या माणसांच्या जागा वाढवाव्यात, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की डॉक्टरांच्या मंडळावर डॉक्टर बसतात तसे इथेही जाणकारच हवेत, कोलोरॅडो राज्यात परवान्याविना काय झालं यावर मी गप्प आहे आणि माझे दाखले जुने आहेत. मतभेद असायला माझी काहीच हरकत नाही. पण तुम्ही सुरुवात केलीत ती अशी: "बाईसाहेब, जन्मात कधी प्रेताला हात लावला आहे का? घरी बसून लिहायला काय जातं!"

हे वाक्य मला लागलं. इथे लिहिणाऱ्या पुरुषांना कोणी 'साहेब, तुम्ही कधी हात लावलात का' असं विचारलेलं मी तरी पाहिलं नाही. तेव्हा आधी याचंच उत्तर देते.

हो, लावला आहे. माझी आजी सवाष्ण गेली, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी. तिला आंघोळ घातली ती आईने, थोरल्या काकूने आणि मी. अंग ताठायच्या आत हात सरळ करावे लागतात, तोंड मिटलेलं राहावं म्हणून हनुवटीखालून फडकं बांधावं लागतं, हे काकूने मला तिथेच उभ्या-उभ्या शिकवलं. नाकात कापसाचे बोळे मी घातले. हिरवं लुगडं नेसवताना कूस बदलायची तर किती जोर लागतो, हेही तेव्हाच कळलं. मळवट भरला, ओटी भरली. बाहेर गल्लीतल्या पोरांनी तिरडी बांधून ठेवली होती. परवाना कोणाकडेच नव्हता आणि काही अडलंही नाही.

पुढे वडील गेले ते इथे, अमेरिकेत. बहीण पुण्याहून निघाली होती, तिने त्यांना एकदा पाहावं आणि मग थेट दहन, एवढंच आम्हाला हवं होतं. फ्युनरल होममधला, म्हणजे पैसे घेऊन अंत्यविधी करून देणाऱ्या संस्थेतला, माणूस म्हणाला, एम्बामिंग (देह टिकावा म्हणून त्यात रसायनं भरणं) करावंच लागेल, कायदाच आहे. शीतपेटीत ठेवता येणार नाही का, असं विचारल्यावर कायद्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. मग दरपत्रक पुढे सरकवून तो पॉलिश केलेल्या शवपेटीच्या ओळीवर बोट ठेवून बोलत राहिला. त्याच कागदावर खाली बारीक अक्षरांत छापलं होतं की थेट दहनासाठी शवपेटी लागत नाही, साधं पुठ्ठ्याचं किंवा प्लायवूडचं खोकं चालतं. ते छापणं त्याला भाग होतं, कारण 1984 पासून लागू असलेल्या केंद्रीय 'फ्युनरल रूल'ची, म्हणजे अंत्यविधीच्या ग्राहकांना दर आणि माहिती द्यायला लावणाऱ्या नियमाची, तशी सक्ती आहे. ती ओळ मी वाचली, कारण मला सवय आहे. माझ्या शेजारी बसलेली आई ती वाचू शकली नसती. तिला तेव्हा समोरचा कागदही दिसत नव्हता. त्या टेबलाशी घासाघीस करायला कोणी येत नाही आणि हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

म्हणून मंडळावर कोण बसतं, हा माझ्यासाठी कागदी प्रश्न नाही.

आता लुईझियाना. कोव्हिंग्टनजवळ सेंट जोसेफ मठ आहे. 2005 च्या कॅटरिना वादळात मठाची झाडं पडली आणि त्या लाकडावरचं उत्पन्न गेलं, म्हणून तिथल्या साधूंनी साध्या लाकडी शवपेट्या बनवून विकायचं ठरवलं. मंडळाने ते अडवलं. पेट्या विकायच्या तर आधी फ्युनरल होमचा परवाना काढा, म्हणजे तीस माणसं मावतील असं अंत्यदर्शनाचं दालन बांधा, सहा पेट्या मांडता येतील अशी खोली बांधा, एम्बामिंगची सोय करा आणि पूर्णवेळ परवानाधारक संचालक नेमा. हे सगळं लाकडाची पेटी विकण्यासाठी! आणि पुरायला पेटीच लागते असं त्या राज्याचा कायदा म्हणतच नव्हता. 2008 आणि 2010 मध्ये विधिमंडळात कायदा बदलायचा प्रयत्न झाला, तो फसला. साधू कोर्टात गेले. 2011 मध्ये जिंकले, 2013 मध्ये अपील कोर्टातही जिंकले. निव्वळ एका धंद्याचं आर्थिक संरक्षण हे कायद्याचं रास्त कारण होऊ शकत नाही, असं त्या कोर्टाने स्पष्ट म्हटलं. तेव्हा मंडळावर नऊ जण होते: चार फ्युनरल डायरेक्टर (अंत्यविधीचे संचालक), चार एम्बामर (एम्बामिंग करणारे) आणि धंद्याबाहेरचा एक. त्या एकाने हात वर केला काय आणि न केला काय!

एक गोष्ट मान्य करते. एम्बामिंग हे खरोखर शिकून येणारं काम आहे. त्यात रसायनं आहेत, संसर्गाचा धोका आहे, आणि मंडळावर ते जाणणारी माणसं हवीतच. माझ्या लेखाचा त्याला विरोध नव्हता. शवपेटीची किंमत ठरवायला मात्र ते ज्ञान लागत नाही.

डॉक्टरांचं म्हणाल तर दंतवैद्यांचंच उदाहरण घ्या. नॉर्थ कॅरोलायनात दातांच्या मंडळावर आठपैकी सहा जण दंतवैद्य होते. बाहेरचे लोक स्वस्तात दात पांढरे करून देऊ लागले, तसं मंडळाने त्यांना बंदीची पत्रं धाडली. 2015 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की ज्या मंडळाचा ताबा त्याच धंद्यात कमावणाऱ्यांकडे आहे, त्यावर राज्याची प्रत्यक्ष देखरेख नसेल तर त्याला मक्तेदारी रोखणाऱ्या स्पर्धा कायद्यापासून संरक्षण नाही. तुमचा दाखला तुमच्याच अंगावर येतो. आणि टेक्सासमध्ये अंत्यविधी आयोगाच्या सात जागांपैकी चार कायद्यानेच सामान्य जनतेच्या प्रतिनिधींना आहेत. नवरा किंवा बायको या धंद्यात असेल तरी त्या जागेवर बसता येत नाही.

कोलोरॅडोत अंत्यविधीचं काम करणाऱ्या माणसांना परवानाच लागत नव्हता. 2023 मध्ये तिथल्या पेनरोझ गावात एका फ्युनरल होमच्या इमारतीत 190 च्या आसपास देह कुजत पडलेले सापडले आणि 2024 मध्ये परवान्याचा कायदा झाला, हे बरंच झालं. परवाना नको असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. जॉर्जियात तर मंडळ होतं, तरी 2002 मध्ये नोबल गावच्या दहनगृहात तीनशेहून अधिक देह दहनाविना टाकलेले निघाले. 'दाखले जुने' या आक्षेपावर वेळ घालवत नाही.

यापुढे 'बाईसाहेब' वगळून लिहिलंत तर उत्तर देईन, नाहीतर प्रतिक्रिया काढून टाकीन. आणि लिहाल तेव्हा एवढं सांगा: त्या नऊ जागांपैकी चार बाहेरच्यांना दिल्या असत्या, तर एम्बामरचं नेमकं कोणतं काम अडलं असतं?