वीस जोड्या, पंचवीस चाली आणि साडेतीन वर्षांचं पोर

परवा रात्री वहिनीचा फोन आला, आवाज रडवेला. "ताई, याची मेमरी वीक आहे का हो, कुणाला दाखवायचं का?" हा म्हणजे माझा भाचा, साडेतीन वर्षांचा. आईवर्गाच्या ग्रुपांवर फिरणारा तो मेसेज तिच्यापर्यंत पोचला होता. तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की ४० चित्रकार्डं पालथी मांडा, ४ वर्षांच्या आतल्या मुलाला २५ चालींत २० जोड्या लावता आल्या नाहीत तर त्याची स्मरणशक्ती कमी आहे. रोज २० मिनिटं खेळवलं की उजवा मेंदू जागा होतो, आयक्यू वाढतो, फोटोग्राफिक मेमरी येते. आणि ५ वर्षांपर्यंत मेंदूची ९० टक्के वाढ होऊन जाते म्हणून आत्ताच करा, नंतर उपयोग नाही. खाली कार्डांचा सेट मागवायची लिंक.

मी ११ वर्षं बालवाडीत शिकवते, जोड्यांचा खेळ माझ्या वर्गात आठवड्यातून दोनदा तरी निघतो आणि मुलांना तो फार आवडतो, म्हणूनच जास्त राग आला.

आधी ते २५ चालींचं, कारण नुकसान तिथेच होतंय. एक चाल म्हणजे दोन कार्डं उलटायची, सारखी निघाली तर जोडी लागली, नाहीतर परत पालथी. समजा खेळणाऱ्याची स्मरणशक्ती अगदी परिपूर्ण आहे, एकदा पाहिलेलं कार्ड तो कधीच विसरत नाही. तरी पहिल्या चालीत त्याने एक कार्ड उघडलं की उरलेल्या ३९ मध्ये त्याचा जोडीदार एकच असतो, म्हणजे जोडी लागायची शक्यता ३९ त एक. पुढच्या चालींतही बराच वेळ हेच चालतं, कारण जे कार्ड अजून पाहिलंच नाही ते आठवणार कुठून? याचं गणित मांडलेलं आहे: काहीही न विसरणाऱ्याने नीट विचार करून खेळलं तरी जोड्यांच्या साधारण १.६ पट चाली लागतात. २० जोड्यांना सरासरी ३२! म्हणजे कधीच न विसरणाऱ्या मोठ्या माणसालाही नशिबाने साथ दिली तरच २५ मध्ये जमेल, आणि हीच कसोटी लावून साडेतीन वर्षांच्या पोराला वीक ठरवलं. वहिनीने तीन रात्री मोबाईलवर वेळ लावून त्याला बसवलं, तिसऱ्या रात्री त्याने वाघाचं कार्ड दिवाणाखाली लपवलं आणि रडत रडत झोपला.

मुलं या वयात काय करतात ते मी रोज बघते. हत्ती कुठे आहे हे माहीत असूनही तोच परत उघडतात, कारण त्यांना हत्ती बघायचा असतो. दुसऱ्याची पाळी येईपर्यंत हात आवरणं, हेच त्यांच्यासाठी अर्धं काम आहे. तीन-साडेतीनला मी ४ जोड्यांपासून सुरू करते, जमलं की ६.

आता आयक्यू. २०१६ मध्ये मेल्बी-लर्वाग, रेडिक आणि ह्यूम या संशोधकांनी स्मरणशक्तीच्या ट्रेनिंगवरचे ८७ शोधनिबंध एकत्र तपासले, त्यात मुलंही होती. निष्कर्ष असा की ज्याचा सराव केला तो खेळ आणि त्याच्यासारखेच खेळ सुधारतात, पण बुद्धिमत्ता, वाचन, गणित यांवर पटण्यासारखा परिणाम दिसत नाही. आणि ते बहुतेक कंप्युटरवरचे, पद्धतशीर आखलेले प्रोग्राम होते. त्यांनी जे झालं नाही ते घरी २० मिनिटं पत्ते उलटून होईल असं सांगणाऱ्याने पुरावा द्यावा. तो मेसेजमध्ये नाही, फक्त लिंक आहे.

उजव्या मेंदूचं थोडक्यात. २०१३ मध्ये अमेरिकेत युटा विद्यापीठात १,०११ जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले, काहींचा उजवा मेंदू जास्त चालतो, काहींचा डावा, असं काही सापडलं नाही. फोटोग्राफिक मेमरीचं म्हणाल तर काही थोड्या लहान मुलांना चित्र झाकल्यावरही काही क्षण डोळ्यांसमोर दिसत राहतं हे खरं, पण ते सरावाने आणता येत नाही आणि वयाबरोबर बहुतेकांचं जातं.

९० टक्क्यांचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. साधारण सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोचतो. पण तो आकार झाला. मेंदूच्या पुढच्या भागाची जडणघडण विशीतही चालू असते, मग "नंतर उपयोग नाही" कशावरून? ही वर्षं महत्त्वाची आहेतच, पण म्हणून ती परीक्षेत घालवायची का?

इस्तोमिना नावाच्या रशियन बाईंचा १९४८ चा एक प्रयोग मी प्रत्येक पालकसभेत सांगते. बालवाडीच्या मुलांना वस्तूंची यादी नुसती "लक्षात ठेव" म्हणून दिली तर थोड्याच आठवल्या, पण दुकान-दुकान खेळताना सामान आणायला पाठवलं तर तशीच यादी जास्त आठवली. गरज पडली की मूल लक्षात ठेवतं. मेमरी वीक ठरलेल्या या माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात आजोबांचा चष्मा फ्रिजवर आहे हे घरातल्या चार मोठ्या माणसांच्या आधी सांगितलं होतं.

वहिनीला म्हटलं, १४ जोड्या डब्यात परत ठेव, ६ काढ. आधी सरळ मांडून त्याला नावं सांगू दे, मग पालथी कर, वेळ लावू नकोस, आणि तो कंटाळला की उठू दे. ज्यांच्याकडे सेट नाही त्यांनी मागवूही नका, एकसारख्या काडेपेट्यांवरची चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली तरी चालतं, आम्ही वर्गात तेच करतो. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपले घेऊनच बालवाडीचं साहित्य उभं केलं होतं. काल वहिनीने व्हॉइस मेसेज पाठवला, त्यात मागून तो ओरडतोय, "आई, तुझी पाळी, तू बघू नको, मी सांगतो हत्ती कुठंय."