“समुद्रात गेलेलं पाणी मिसळतंच की!” या कमेंटला थोडं लांबलेलं उत्तर

दादा, आधी थँक्यू. 'छान पोस्ट' म्हणून अंगठा देऊन पुढे जाणारे खूप असतात, शेवटपर्यंत वाचून भांडणारा एखादाच. मुंबईची मिठी नदी माहीमला समुद्राला मिळते तिथे तिचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर कसं पसरतं यावर माझी पोस्ट होती, आणि त्या पसरलेल्या पट्ट्याला मी 'पिसारा' (इंग्रजीत प्लूम) म्हटलं होतं. तुमचे मुद्दे मला कळले ते असे: मिठी हा नाला आहे, त्याला कसला आलाय 'पिसारा', गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत राहतं हे मी व्हॉट्सॲप फॉरवर्डवरून उचललंय, आणि मी लिहिलं होतं की नदीचं पाणी उजवीकडे म्हणजे उत्तरेला वळतं, पण तुम्ही माहीमच्या किनाऱ्यावरून तो मातकट पट्टा एक दिवस वांद्र्याकडे आणि दुसऱ्या दिवशी वरळीकडे जाताना स्वतः बघितलाय.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात वाहतं पाणी उजवीकडे ओढलं जातं हे खरं, पण ते काही लगेच होत नाही. मुंबई साधारण १९ अंशांवर, इथे नुसत्या या ओढीने पाण्याला एक पूर्ण गोल फेरा मारायला जवळजवळ ३७ तास लागतील, आणि आपल्याकडे सव्वासहा तासांत भरतीची ओहोटी होते, म्हणजे मिठीचं पाणी बाहेर पडून वळायचा विचार करतंय तोवर समुद्र त्याला परत खाडीत ढकलतो. मग तो पट्टा कुठे जाणार हे त्या दिवशीचा वारा आणि भरती ठरवणार, तुमचे दोन्ही दिवस बरोबर. मी मोठ्या नद्यांचा नियम माहीमला चिकटवला. तो नियम बघायचा तर पूर्व किनाऱ्याला जा. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी पावसाळा संपला की किनारा उजव्या हाताला ठेवून ओडिशा, आंध्र करत दक्षिणेला सरकतं, तिथे वाऱ्यामुळे तयार होणारा प्रवाहही साथ देतो, आणि गंमत म्हणजे हा अरुंद पट्टा नीट पकडला तो मच्छीमारांनी किनाऱ्याजवळ भरून दिलेल्या पाण्याच्या नमुन्यांवरून, २०१४ साली त्यावर पेपर आला.

आता फॉरवर्ड. 'दोन समुद्र भेटतात पण कधीच मिसळत नाहीत' हे मी कुठेही लिहिलेलं नाही हो. मिसळतात, फक्त वेळ घेतात. खाऱ्या पाण्याची २० लिटरची बादली गोड्या पाण्याच्या बादलीपेक्षा साधारण अर्धा किलो जड भरते, बस एवढाच फरक, पण वर तरंगायला तेवढा पुरतो. घरी करून बघा: लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, त्याने अर्धा ग्लास भरा, मग साध्या पाण्यात चिमूटभर कुंकू किंवा थोडी शाई घालून ते चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू सोडा. मी काल ओट्यावर केलं, पहिल्यांदा घाई केली आणि सगळं लालेलाल, दुसऱ्यांदा मात्र रंगाचा थर चहा होईपर्यंत वर बसून होता. मग चमचा फिरवला की खेळ खल्लास. समुद्रात हा चमचा म्हणजे लाटा, वारा आणि भरती.

आणि मिठी नाला आहे म्हणाल तर असू दे, नाल्याचं पाणीही गोडंच असतं, तरंगायला स्वच्छतेचं सर्टिफिकेट लागत नाही. ('पिसारा' शब्दावर हसलात ते कबूल, प्लूमला मराठीत काय म्हणायचं सुचलं तर सांगा, मी बदलतो.) उलट त्या पट्ट्याच्या कडेला, जिथे गोडं आणि खारं पाणी भेटतं, ती फेसाची रेघ तुम्ही बघितली असेलच, थर्माकोल, निर्माल्य, चपला, जलपर्णी सगळं एका ओळीत लावल्यासारखं. तिथे दोन्ही बाजूंचं पाणी एकमेकांकडे येतं आणि खाली बुडी मारतं, पण तरंगणाऱ्या वस्तू बुडू शकत नाहीत, म्हणून त्या तिथेच अडकतात, आणि भरती लागली की त्यातलंच बरंचसं परत आपल्या वाळूवर.

फक्त रंगावरून जाऊ नका, इथे माझंही तुमच्याशी भांडण आहे. जुलैत मरीन ड्राइव्हवरून क्षितिजापर्यंत दिसणारं चहासारखं पाणी तुम्ही नदीचं पाणी सगळीकडे मिसळल्याचा पुरावा म्हणून दिलंत, पण उथळ समुद्राचा तळ लाटांनी ढवळला तरी तसंच दिसतं, त्यासाठी नदी लागत नाही. आणि याच्या उलटही होतं, गोड्या पाण्यातले मातीचे बारीक कण मीठ लागलं की एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि खाली बसतात, म्हणजे वरचं पाणी निवळलेलं दिसतं पण चव घेतली तर अजून कमी खारट. (चव घेऊ नका. माहीम आहे ते.)

उत्तरेकडे वळण्याची ओळ पोस्टमधून खोडली आहे, खाली तुमच्या कमेंटचा उल्लेखही टाकलाय. त्या दोन दिवसांच्या तारखा आणि साधारण वेळा आठवत असतील तर कळवा, भरती-ओहोटीचं कोष्टक काढून बसतो. मला वाटतं वरळीकडे गेला त्या दिवशी उधाण असावं, पण आता परत बघितल्याशिवाय बोलत नाही.