शब्दकोश आहे, मग म्हाताऱ्यांची गरज काय?

'अमेरिकेतली डकोटा जमात 1862 नंतर संपली. भाषा त्यांनी स्वतःच सोडली. मिशनऱ्यांनी शब्दकोश केला म्हणून ती टिकली. आता तो ऑनलाइन आहे, म्हाताऱ्यांकडून शिकायची गरज नाही. घरात ड्रीमकॅचर लावा, त्यांचा वारसा जपा.' हा मजकूर मावशीच्या भिशीच्या ग्रुपवर पोचला आणि तिने ड्रीमकॅचर मागवलासुद्धा.

संपली? अमेरिकन सरकारशी झालेल्या युद्धानंतर 26 डिसेंबर 1862 ला मिनेसोटा राज्यातल्या मँकेटो गावात 38 डकोटांना एकाच वेळी फाशी दिलं, पुढच्या वर्षी डकोटांना मिनेसोटातून हाकललं, हे खरं. पण आजही मिनेसोटा, दोन्ही डकोटा राज्यं, नेब्रास्का आणि कॅनडातल्या मॅनिटोबात त्यांच्या वस्त्या आहेत.

'स्वतःच सोडली' हे तर संतापजनक. 1887 मध्ये सरकारी आयुक्तानेच आदिवासी मुलांच्या शाळांत त्यांच्या भाषांना बंदी घातली. घरापासून तोडलेलं मूल आजीशी बोलणार कधी?

आता शब्दकोश. रिग्ज या मिशनऱ्याचा कोश 1852 चा, अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने छापलेला. काम मोठं आहे, शिकणारे आजही तो उघडतात. पण त्याला अल्पप्राण-महाप्राण वेगळे लिहिता आले नाहीत. डकोटात 'का' म्हणजे 'ते पलीकडचं' आणि 'खा' म्हणजे 'म्हणायचं असणं'. कोशात दोन्ही एकाच रोमन स्पेलिंगने. तिसरा 'का' घसा क्षणभर आवळून झटक्यात सोडायचा, त्याचा अर्थ 'खणणे'. त्याला रिग्जने निदान टिंब दिलं. (इथे आपली देवनागरीही लंगडी पडते.) बाईच्या थोरल्या भावाला 'थिब्दो' म्हणतात; कोश पाहून शिकणारा 'तिब्दो' म्हणणार, आणि ते चुकलं हे सांगायला ऐकणारं माणूसच लागतं.

पुरुषाचा थोरला भाऊ मात्र 'छिंये'. म्हणून ध्वनिमुद्रणात सुटे शब्द वदवून घेऊन भागत नाही. अख्खी वाक्यं हवीत, आणि कोण कोणाशी बोलतंय याची नोंद हवी. आज्ञार्थी वाक्याचा शेवटही बोलणारा पुरुष की बाई यावर बदलतो. नुसत्या आजोबांच्या टेपवर शिकलेली मुलगी पुरुषासारखी हुकूम सोडायला लागते! आपल्याकडे एखादी 'मी जातो' म्हणाली तर कसं वाटेल, तसंच.

एक कबूल करावंच लागतं: मिनेसोटात लहानपणापासून डकोटा बोलत आलेली माणसं आता मोजकीच, तीही वयस्कर. पण त्यातून निघतं ते नेमकं उलट. कोश पाच वर्षांनीही तिथेच असेल, या आज्या असतीलच असं नाही. आधी त्यांच्याजवळ मुलांना बसवायला हवं.

'मिशनऱ्यांनी टिकवली' यावर एवढंच, की लिपी हाती येताच डकोटांनी ती आपल्या कामाला जुंपली. युद्धानंतर आयोवात डॅव्हनपोर्टला डांबलेल्या कैद्यांनी डकोटात लिहिलेली पत्रं आजही उपलब्ध आहेत.

राहिला ड्रीमकॅचर. तो ओजिब्वे लोकांचा, म्हणजे डकोटांच्या शेजाऱ्यांचा आणि बराच काळ वैऱ्यांचाही. मावशी, परत पाठवता येत असेल तर बघ.