तीन तिघाडा, मत बिघाडा

मतदान जवळ आलं की तुमच्या दारात एक माणूस येईल. बरोबर फार तर चौघं असतील, त्यातला एक त्याचा मेहुणा. गळ्यात उपरणं असेल, पण ते कुठल्या पक्षाच्या रंगाचं आहे ते पटकन कळणार नाही. हात जोडून तो म्हणेल, "काका, या वेळी आमचाही विचार करा." तुम्ही गडबडून जायचं नाही. हसायचं, पत्रक घ्यायचं आणि "तुम्ही माणूस चांगले आहात हो, पण..." एवढं म्हणून दार लोटून घ्यायचं. 'पण'च्या पुढचं वाक्य पुरं करावं लागत नाही, त्याला ते पाठ असतं. पत्रक मात्र टाकू नका. लहान उमेदवारांची पत्रकं बहुधा एकाच बाजूने छापलेली असतात, मागच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी छान बसते. मोठ्या पक्षांचे जाहीरनामे गुळगुळीत कागदावर असतात, त्यांवर पेन चालत नाही.

यामागचं शास्त्र एका ओळीचं आहे: तिसऱ्याला दिलेलं मत वाया जातं. आपल्या नाशकात सातपूरच्या कंपनीगेटपासून कॉलेज रोडच्या कॉफीपर्यंत ते सगळ्यांना येतं, रविवारी मिसळीच्या टेबलावर तर तर्रीबरोबर फुकट मिळतं. मत देणं म्हणजे आपलं मत सांगणं, असा भाबडा समज शाळेतल्या नागरिकशास्त्राने करून दिलेला असतो. खरं काम कोण येणार ते ओळखण्याचं आहे. ओळखलंत, की मत कामाला आलं. नेमकं कुठल्या कामाला आलं, हे द्वारका चौकात अडकून पडलेल्या माणसाने विचारू नये.

या बाबतीत आपल्या गावाने एकदा कळसच गाठला होता. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, त्यांना लोकसभेत जागा हवी होती, तेव्हा 1963 च्या पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांना बिनविरोध पाठवलं. तिसरा सोडा, दुसरासुद्धा नाही. माणूस मोठा होता, चीनच्या युद्धानंतरचे दिवस होते, तेव्हा ते शोभलंही. पण मतदाराला केवढा निवांतपणा! पुढे लोक जे अर्ज भरत सुटले ते सुटलेच.

आता 2009 ची लोकसभा आठवा. राष्ट्रवादीकडून समीर भुजबळ, शिवसेनेकडून दत्ता गायकवाड आणि जेमतेम तीन वर्षांच्या मनसेकडून हेमंत गोडसे. समीर भुजबळ 22 हजारांच्या फरकाने आले आणि निकाल पुरता लागायच्या आत गावाचा निकाल लागला होता: मनसेने मतं खाल्ली. निकालाचा कागद मात्र वेगळंच बोलत होता. मनसे दोन लाखांच्या पुढे, दुसऱ्या क्रमांकावर. सेना दीड लाखाच्या थोडी पुढे, तिसऱ्या. मग कोणी कोणाची खाल्ली? हा प्रश्न गणिताचा आहे, राजकारणात विचारू नये. मतं खाल्ल्याचा आळ आकडे बघून येत नाही, वय बघून येतो. डब्यातले लाडू कमी झाले की धाकट्याचंच नाव निघतं, मग थोरल्याच्या मिशांना बेसन लागलेलं का असेना.

पुढे तर आणखी गंमत आहे. तेच हेमंत गोडसे 2014 ला शिवसेनेच्या धनुष्यबाणावर उभे राहिले आणि खुद्द छगन भुजबळांना पाडून खासदार झाले. 2019 ला पुन्हा झाले. माणूस तोच, गाव तेच. म्हणजे 2009 ला त्यांना दिलेलं मत वाया आणि 2014 ला त्यांनाच दिलेलं सत्कारणी. ज्यांनी 2009 लाच बटण दाबलं होतं त्यांनी पाच वर्षं आधी बरोबर असण्याची चूक केली. तेव्हा माणूस ओळखायची घाई करू नये. आधी मोठ्या पक्षाला ओळखू द्यावा, मग आपण ओळख दाखवावी.

कोणी शहाणा म्हणेल, नाशिकने तर तिसऱ्याला करून पाहिलं की! पाहिलं ना. त्याच 2009 च्या विधानसभेला शहरातल्या तिन्ही जागा मनसेला गेल्या. 2012 ला महापालिकेत 122 पैकी 40 नगरसेवक आणि महापौरही त्यांचा. मग 2017 ला मोजून 5 उरले. ही गोष्ट तुम्ही तोंडपाठ ठेवा, कुठल्याही तिसऱ्याच्या तोंडावर मारायला ती पुरते. 'दिलं होतं एकदा, काय झालं?' पाच वर्षांत काय झालं आणि काय नाही, याचा हिशोब नाशिककरांनी चोख घेतला आणि तो घ्यायलाच हवा होता. फक्त तो हिशोब इतरांकडेही तितक्याच कडकपणे मागायचा, असा भलता अर्थ त्यातून काढू नका. नव्या सुनेची पहिलीच भाजी खारट झाली की ती जन्माची नापास, आणि चाळीस वर्षं करपवणाऱ्या सासूबाईंच्या हाताला मात्र 'एक चव आहे हो'.

तिसऱ्याची बाजू घेताना मलाही कधीकधी अवघडायला होतं, हे कबूल करतो. कारण तिसऱ्यांमधले काही खरोखरच सोंगं असतात. 2024 ला दिंडोरीत भास्कर भगरे 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हावर लढले आणि एक लाखाहून जास्त मतांनी आले. त्याच यंत्रावर भगरे आडनावाचे दुसरे एक अपक्ष होते, त्यांचं चिन्ह होतं ट्रम्पेट, आणि यादीत त्याचं मराठी नाव 'तुतारी'. त्यांनाही लाखाच्या वर मतं पडली. ना फारशी सभा, ना मोठा प्रचार. लाखभर मतं आडनावाच्या आणि एका वाद्याच्या जोरावर! पंचवीस वर्षं आंदोलनं करून डिपॉझिट घालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी यातून धडा घ्यावा आणि आधी आडनाव बदलून घ्यावं. आणि तुम्ही सगळ्याच अपक्षांना याच माळेचे मणी म्हणा. त्यातला डमी कोण, रुसलेला बंडखोर कोण आणि खरोखर काही करू पाहणारा कोण, हे वेगळं करायला शपथपत्र वाचावं लागतं. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं, त्यात त्याची मालमत्ता, त्याचे गुन्हे, त्याचं शिक्षण सगळं असतं. एवढा वेळ कोणाला आहे? टीव्ही घेताना आपण तीन दुकानं फिरतो, पण टीव्ही दहा वर्षं घरात राहतो. आमदार कुठे घरात राहतो?

यंत्राची रचनाही तुमची काळजी घेऊनच केलेली आहे. मान्यताप्राप्त पक्ष वर, नोंदणीकृत छोटे पक्ष त्यांच्याखाली, अपक्ष सगळ्यात शेवटी. एका यंत्रावर 'नोटा' (म्हणजे यांपैकी कोणीही नको) धरून 16 बटणं, नावं वाढली की शेजारी दुसरं यंत्र. तिकडे नजर नेऊच नका, मान अवघडते. विधानसभेला उभं राहायचं तर 10 हजार रुपये अनामत आणि वैध मतांच्या एक षष्ठांश मतं पडली नाहीत तर ती सरकारजमा. गरीब माणूस दहा हजार भरून पाच वर्षांतून एकदा यंत्रावर आपलं नाव पाहतो. लग्नाच्या हॉलपेक्षा स्वस्तच म्हणायचं.

बरं, तिसरा नको म्हणून आपण ज्या दोघांतून निवडतो ते दोघं तरी कुठे राहिले? महायुतीत मुख्य पक्ष तीन, महाविकास आघाडीतही तीन. दोन तिघाड्यांतून एक तिघाडा निवडायचा आणि म्हणायचं, तिसरा नको बुवा, स्थैर्य हवं. 2024 च्या विधानसभेला अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी नाशिकला महायुतीतल्या एका पक्षाचे एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीची पत्रं, हेलिकॉप्टरने आले. देवळालीत आणि दिंडोरीत मित्रपक्षाचा उमेदवार आधीच उभा होता, त्याच्याच समोर. स्थैर्य ते हेच, फक्त आकाशातून उतरतं.

अपक्षाचा भरवसा नाही, निवडून आला की विकला जातो, असं तुम्ही नेहमी म्हणता तेही चालू ठेवा. 1995 ला राज्यात 45 अपक्ष आले होते आणि युतीचं सरकार त्यांच्या टेकूवर उभं राहिलं, हे उदाहरण हाताशी असू द्या. 2024 ला विधानसभेत अपक्ष अवघे 2 आले, म्हणजे बाजार जवळजवळ उठलाच. पक्षांतरबंदी कायद्याची मजा अशी की निवडून आलेला अपक्ष कुठल्याही पक्षात शिरला तर त्याची आमदारकी जाते. पक्षाचा आमदार मात्र पुरेशी मंडळी घेऊन निघाला तर पक्षच नाव-चिन्हासकट त्याच्या मागोमाग येतो. एकट्याने पळणारा चोर, वऱ्हाड घेऊन निघाला तर मिरवणूक.

जिल्ह्यात काही लोक हे शास्त्र पाळत नाहीत, त्याला इलाज नाही. सुरगाणा-कळवणच्या आदिवासींनी जे. पी. गावितांना विळा-हातोड्यावर पुन्हा पुन्हा विधानसभेत पाठवलं. त्यातलेच लोक मार्च 2018 मध्ये शेतकरी मोर्चात नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत गेले, सहा दिवस, फुटलेल्या पायांनी. मोठ्या पक्षाला मत दिलं असतं तर घरी बसूनही दुर्लक्ष झालं असतं, एवढं चालावं लागलं नसतं. मालेगाव मध्यची तर बातच सोडा. 2024 ला तिथे एमआयएमचा उमेदवार 162 मतांनी जिंकला आणि पहिल्या दोघांपैकी एकही ना महायुतीचा होता ना आघाडीचा. 162 मतं! एका लग्नाच्या पंगतीइतकी. अशा ठिकाणी प्रत्येक मत मोजलं जातं, फार ताण येतो. आपलं बरं आहे.

आमच्याही प्रभागात 2017 ला असा एक जण अपक्ष उभा होता. झेरॉक्सचं दुकान, कोपऱ्यावरचं. चार सदस्यांचा प्रभाग, समोर चार-चार जणांची तयार पॅनलं, आणि हा एकटा सायकलवर. माझ्या दारात आला तेव्हा मी वर सांगितलेलं वाक्य म्हटलं आणि दार लोटलं. आमच्या सोसायटीतल्या सगळ्यांनीच म्हटलं असावं, कारण निकालात त्याचं नाव शोधायला चष्मा लागला.

नंतर मार्च 2022 पासून पालिकेत प्रशासक आला. त्या काळात एका पावसाळ्यात आमचं ड्रेनेज तुंबलं, पाणी जिन्यापर्यंत. ज्यांना मत दिलं होतं ते चौघंही आता माजी होते. एकाचा फोन बंद, दुसऱ्याचा भाचा म्हणाला साहेब लग्नात आहेत. शेवटी कोणीतरी झेरॉक्सवाल्याला हाक मारली. तासाभरात तो कुठून तरी जेटिंगची गाडी घेऊन आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः झाकणाशी उभा राहिला. काम झाल्यावर आम्ही त्याला वर चहाला बोलावलं.

मी मनापासून म्हणालो, "तुम्ही माणूस चांगले आहात हो."

बशीत चहा ओतता ओतता तो थांबला आणि 'पण'ची वाट बघत माझ्याकडे पाहत राहिला.